डोळे कोरडे, म्हणून माणूस कोरडा?

(रडवणारे चित्रपट आणि न रडणारे प्रेक्षक यांच्याविषयी थोडा अभ्यास)

एखादा 'सेंटी' चित्रपट सुटल्यावर थिएटरच्या दाराशी उभे राहा आणि बाहेर येणारे चेहरे बघा. काहींचे डोळे लाल झालेले असतात. काही जण उगाचच मोबाईलमध्ये डोकं खुपसून चालत असतात. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण हमखास असा असतो, जो पॉपकॉर्नचा रिकामा पुडा टाकता टाकता विचारतो, "काय रे, वडापाव खायचा का?" त्याच्याकडे बघून बाकीचे म्हणतात, "हा म्हणजे ना, दगड आहे दगड!"

हा 'दगड' प्रत्येक वर्गात असतो, हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असतो आणि बहुतेक घरांतही असतो. घरात तो बऱ्याचदा वडील या नावाने ओळखला जातो. प्रश्न असा की, एकच चित्रपट, तोच पडदा, तोच आवाज. मग एकाच्या डोळ्यांतून धारा आणि दुसऱ्याचे डोळे ठणठणीत कोरडे, असं का? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, डोळे कोरडे आहेत यावरून त्या माणसाबद्दल आपण जो निष्कर्ष काढतो, तो बरोबर असतो का? प्रस्तुत लेखात याचाच विचार करायचा आहे. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तेव्हा आपल्या पद्धतीने करू!

मराठी माणूस आणि रुमाल

रडण्याच्या बाबतीत मराठी चित्रपटाची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं आणि त्यावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला. गंमत बघा, अत्रे म्हणजे विनोदाचा बादशहा, सभा गाजवणारा, भल्याभल्यांना अंगावर घेणारा माणूस. त्यांनीच अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं! वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर अजून उभे राहतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं.

मग १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. सासुरवास सोसणारी अलका कुबल आणि छळणारी सासू उषा नाडकर्णी. तुमच्या आईला, मावशीला, आत्याला नुसतं नाव सांगा, चेहरा कसा होतो ते बघा. या चित्रपटाला जाताना बायका रडायच्या तयारीनेच जायच्या. रडू आलं नाही तर पैसे वाया गेले, असा हिशोब! आजही अलका कुबल म्हटलं की लोकांना आधी रुमाल आठवतो.

आणि २००४ साली आला संदीप सावंत यांचा 'श्वास'. कोकणातल्या छोट्या परशुरामच्या डोळ्यांत कॅन्सर आहे. आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. त्याचा जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, म्हणजे दृष्टी कायमची जाणार. हे त्या पोराला सांगायचं कसं? ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात, जग एकदा बघून घेण्यासाठी. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट, म्हणजे मध्ये तब्बल पन्नास वर्षं गेली. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला तोच गेला.

पण या दोन चित्रपटांतला फरक लक्षात घ्या. 'माहेरची साडी' तुम्हाला सांगतो, "आता रडा." 'श्वास'मध्ये डॉक्टर, सोशल वर्कर, आजोबा, सगळे आपापलं काम करत असतात आणि रडणं टाळत असतात. रडू प्रेक्षकाला येतं. म्हणजे एकाला एक चित्रपट रडवील, दुसऱ्याला दुसरा. 'माहेरची साडी'ला कंटाळून घड्याळ बघणारा माणूस 'श्वास'च्या वेळी हळूच चष्मा पुसताना सापडू शकतो. आणि 'सैराट' (२०१६)? त्याच्या शेवटी नागराज मंजुळे यांनी पार्श्वसंगीतच काढून टाकलं. ते दृश्य संपल्यावर लोक रडले कमी, सुन्न जास्त झाले. कितीतरी जण दिवे लागले तरी खुर्चीतून उठले नव्हते. त्यांचे डोळे कोरडे होते म्हणून त्यांना काही वाटलं नाही, असं कोण म्हणेल?

डोळ्यातलं पाणी : थोडं प्लंबिंग

आता जरा शरीराकडे वळू. प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, अश्रूंची एक ग्रंथी असते. ती पाणी सोडते. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, दोन बारीक भोकं असतात. त्यातून हे पाणी एका नळीवाटे नाकात उतरतं. थोडक्यात, वर टाकी, खाली ड्रेनेज.

अश्रू तीन प्रकारचे असतात. पहिले रोजचे, डोळा ओला ठेवणारे. दुसरे कांदा चिरताना किंवा धूर गेल्यावर येणारे. तिसरे भावनेचे. पहिल्या दोन प्रकारांत प्राण्यांची आणि आपली बरोबरी आहे. पण भावनेने डोळ्यांतून पाणी काढणारा प्राणी माणूस हा एकटाच, असं आजचं शास्त्र मानतं. तान्हं बाळसुद्धा पहिले काही आठवडे नुसतं ओरडतं, आसवं नंतर येतात.

या प्लंबिंगमधून एक मजेशीर गोष्ट निघते. पाणी थोडं आलं तर ते ड्रेनेजमधूनच निघून जातं, गालावर येतच नाही. म्हणून थिएटरात अंधारात आधी सगळीकडून 'सुऽर्र सुऽर्र' ऐकू येतं. 'मला सर्दी झालीय' म्हणणारे अनेक वीर प्रत्यक्षात रडत असतात, फक्त त्यांचा आउटलेट वेगळा आहे!

ग्रंथीला हुकूम मेंदूकडून, चेहऱ्याच्या मज्जातंतूमार्फत येतो. या वायरिंगमध्ये कुठेही बिघाड असला तर पाणी येत नाही. काही आजारांत डोळे कोरडे पडतात. नैराश्यावरची काही औषधं घेणाऱ्यांपैकी काही जण सांगतात की, आता रडावंसं वाटलं तरी रडू येत नाही. तेव्हा कोरड्या डोळ्यांचं कारण कधीकधी डॉक्टरच्या चिठ्ठीतही असू शकतं.

खोट्यासाठी खरं रडू का येतं?

नटाला ग्लिसरीन लावलंय हे आपल्याला माहीत असतं. शूटिंग संपल्यावर 'मेलेला' माणूस उठून चहा प्यायला असणार, हेही माहीत असतं. तरी रडू येतं. हे कोडं फार जुनं आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अंगावर काटा येणं, घाम फुटणं, आवाज फुटणं, थरथरणं वगैरे. त्यातच अश्रू येतात. डोळ्यांत पाणी येण्याची कारणं देताना भरत आनंद, राग, भीती, शोक यांच्याच रांगेत धूर, काजळ, जांभई, थंडी आणि आजारही बसवतो. म्हणजे आज आपण 'रिफ्लेक्स' आणि 'इमोशनल' म्हणून जे दोन कप्पे करतो, त्या दोन्हींची नोंद तिथे आहे. आदर्श प्रेक्षक कसा असावा, हेही भरत सांगतो. पात्र आनंदी झालं की आनंदी होणारा, पात्राच्या शोकात शोक करणारा. पण लगेच हेही मान्य करतो की, सगळे गुण एका माणसात सापडत नाहीत. तरुणांना शृंगार आवडतो, शूराला युद्ध आवडतं, म्हाताऱ्यांना पुराणकथा आवडतात. ज्याची त्याची ट्यूनिंग फ्रिक्वेन्सी वेगळी, असं आपण म्हणू.

मराठीत या कोड्याचं एक सुंदर उत्तर न. चिं. केळकरांनी दिलं. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, ही झाली समाधी. पण त्याच वेळी 'मी तो नाही, मी मीच आहे' हे भान त्याच्यात शिल्लक असतं, हा झाला विकल्प. दोन्ही एकत्र असतात म्हणून दुःखाच्या गोष्टीचाही आनंद घेता येतो.

ही कल्पना रेडिओच्या नॉबसारखी समजून घ्या. नॉब पूर्ण समाधीकडे फिरवला तर प्रेक्षक खलनायकाला मारायला स्टेजवर धावेल. पूर्ण विकल्पाकडे फिरवला तर तो म्हणेल, "लाइटिंग बरं होतं, पण इथे कट चुकला." मधे कुठेतरी रडू असतं. ज्याला कॅमेऱ्याचं वेड आहे, ज्याने स्वतः एकांकिकेला लाइट्स दिले आहेत, त्याचा नॉब सवयीने विकल्पाकडे सरकलेला असतो. याचा अर्थ तो निर्दय आहे असा नाही, तो 'ड्यूटीवर' आहे एवढाच!

ब्लॉक डायग्राम

आता मुख्य मुद्दा. आपल्या भाषेकडे नीट बघा, तिने रडण्याचे टप्पे आधीच पाडून ठेवले आहेत. आधी ऊर भरून येतो. मग गहिवर. मग कंठ दाटतो, आवंढा येतो आणि तो गिळलाही जातो. मग डोळे पाणावतात, म्हणजे पाणी आलंय पण सांडलेलं नाही. मग टिपं, आसवं. मग हुंदका. आणि शेवटी भोकाड! म्हणजे गालावरचा थेंब हा या जिन्यावरच्या बऱ्याच वरच्या पायरीवर येतो. खालच्या पायऱ्या बाहेरून दिसत नाहीत.

याचाच ब्लॉक डायग्राम काढला तर असा निघतो : इनपुट (पडद्यावरचा प्रसंग), सेन्सर (आपल्याला तो लागतो का), ॲम्प्लिफायर (आपल्या आठवणी, त्या दिवसाचा मूड), थ्रेशोल्ड (किती झालं की बांध फुटणार) आणि आउटपुट (अश्रू). न रडणारे प्रेक्षक यातल्या वेगवेगळ्या ठिकाणी अडकलेले असतात. त्यांना एका गोणीत भरता येणार नाही. साधारण पाच प्रकार सांगता येतील.

१) ज्यांच्यापर्यंत सिग्नल पोचत नाही. 'नटसम्राट'मधला म्हातारा गणपतराव बेलवलकर मुलांच्या घरातून बाहेर पडतो, तेव्हा एकोणीस वर्षांच्या मुलाला वाईट वाटतं, पण शेजारी बसलेले त्याचे वडील कोसळतात. कारण मुलाकडे अजून त्या आठवणीच नाहीत. त्याचा ॲम्प्लिफायर तयार व्हायला तीस वर्षं जायची आहेत. 'मी रडत नाही' असं ठणकावून सांगणाऱ्या पुष्कळ पोरांचं खरं उत्तर 'अजून वेळ आहे' एवढंच असतं.

२) ज्यांचा नॉब विकल्पाकडे आहे. यांच्याविषयी वर आलंच आहे.

३) ज्यांनी आउटपुट बंद करायला शिकून घेतलंय. "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेक मुलांनी चौथी-पाचवीच्या आत ऐकलेलं असतं. रडूबाई, बायल्या, रडतराव हे सगळे शब्द आपल्याच शब्दकोशातले. दहा वर्षं आवंढा गिळायची प्रॅक्टिस केली की ते आपोआप होऊ लागतं. मग ठरवलं तरी रडता येत नाही.

४) ज्यांच्या वायरिंगमध्ये शारीरिक कारण आहे. डोळ्यांचा कोरडेपणा, औषधं इत्यादी.

५) ज्यांना तो प्रसंग फार जवळचा आहे. घरात कॅन्सरचा पेशंट असलेला मुलगा 'श्वास' बघताना कदाचित अजिबात रडणार नाही. तो बाहेर जाऊन उभा राहील किंवा मोबाईल काढील. इथे इनपुट इतका मोठा आहे की फ्यूजच उडतो.

आता मला सांगा, या पाचही जणांचं आउटपुट शून्य आहे. पण पाचांची आतली अवस्था एक आहे का? मल्टिमीटर आउटपुटला लावून रीडिंग शून्य आलं म्हणून 'सर्किटमध्ये करंटच नाही' असं व्हायवात कुणी सांगितलं, तर एक्स्टर्नल काय करतील ते सांगायला नको. आपल्या कळव्याच्या भाषेत बोलायचं तर, फास्ट गाडी कळव्याला थांबत नाही. पण म्हणून ती गेलीच नाही असं स्टेशनवर उभा असलेला कोणीही म्हणणार नाही. धडधड जाणवतेच की!

प्रयोगशाळेतला सिनेमा

हे नुसतं अलंकारिक बोलणं नाही, याची मोजमापं झालेली आहेत. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अडीचशेहून जास्त चित्रपट तपासून, प्रत्येक भावना सर्वांत खात्रीने जागवणारे तुकडे निवडले आणि १९९५ साली ही यादी प्रसिद्ध केली. दुःखासाठी निवडला गेला 'द चॅम्प' (१९७९) मधला प्रसंग. बॉक्सर बाप मरतो आणि लहान मुलगा त्याला उठवायचा प्रयत्न करतो. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत लोकांना रडवायचं असलं की हाच तुकडा लावतात.

याच दोघांनी १९९७ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना दुःखी प्रसंग दाखवताना एका गटाला सांगितलं, 'चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.' त्यांनी ते जमवलं. पण दुःख किती वाटलं असं विचारल्यावर ते काही कमी झालेलं नव्हतं. आणि हृदय व रक्ताभिसरणाची मोजमापं घेतली, तेव्हा भावना दाबणाऱ्यांच्या शरीरावर ताण उलट जास्त आलेला दिसला. म्हणजे झाकण लावलं, पण गॅस बंद केला नाही. कुकरचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी, आपल्याला रडूच येत नाही असं सांगणाऱ्या ४७५ जणांची तुलना रडू येणाऱ्या १७९ जणांशी केली. न रडणाऱ्यांत इतरांशी जवळीक आणि सहानुभूती सरासरीने कमी आढळली, त्यांना माणसांचा आधारही कमी मिळत होता. पण आपण एकंदरीत बरे आहोत का, या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे न रडणारा दुःखीच असतो असं नाही. आणि सरासरी ही सरासरी असते. वर्गाची सरासरी ५५ आहे म्हणून तुमच्या बाकावरच्या मित्राला ५५च मार्क असतील असं नाही. एका माणसाबद्दल निकाल द्यायचा तर त्या माणसालाच विचारावं लागतं.

पडद्यावरचं आणि रुळांवरचं

इथे एक अवघड प्रश्न उरतो. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान, गर्दीच्या लोकलच्या दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले. निदान चौघांचा जीव गेला. जखमींना आपल्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणलं. ज्या गाड्यांच्या दारात आपणही लटकतो, त्याच गाड्या. ती बातमी वाचून आपल्यापैकी किती जण रडले? 'श्वास'च्या परशुरामसाठी रडणाऱ्यांनीही ती बातमी वाचली, हळहळ व्यक्त केली आणि ८:१० चुकू नये म्हणून पळत सुटले.

मग आपण सगळे ढोंगी आहोत का? तसं नाही. चित्रपट आपल्याला तीन गोष्टी देतो, ज्या बातमी देत नाही. पहिली गोष्ट म्हणजे एक माणूस. परशुराम हा आकडा नाही. त्याचा हट्ट, त्याचं हसू आपल्याला माहीत झालेलं असतं. दुसरी गोष्ट, वेळ. दोन तास आपण दुसरं काही करत नाही. आणि तिसरी, अंधार आणि सुरक्षितता. कोणी बघत नाही, कोणाला जबाब द्यायचा नाही आणि शेवटी दिवे लागणार याची खात्री आहे. बातमीत चार ओळी असतात आणि पुढची गाडी पकडायची असते. शिवाय रोज त्याच दारात उभं राहायचं असेल तर माणूस मन घट्ट करतो, नाहीतर प्रवासच होणार नाही.

म्हणूनच थिएटरातलं पुष्कळसं रडू पडद्यावरच्या माणसासाठी नसतंच मुळी. आपल्याच कुठल्यातरी जुन्या दुःखाला तिथे जागा आणि निमित्त मिळतं. अलका कुबलसाठी रडणाऱ्या कितीतरी बायका स्वतःच्या सासरी रडू शकत नव्हत्या. तिकीट काढून अंधारात बसल्यावर त्यांना कोणी 'काय झालं रडायला?' असं विचारत नव्हतं. त्यांच्या रडण्याला हसण्याआधी आपण एवढा विचार केला पाहिजे.

रडल्याने बरं वाटतं का?

लोक म्हणतात, रडलं की मन हलकं होतं. ॲरिस्टॉटलही शोकांतिकेबद्दल साधारण असंच म्हणून गेला. १९८०च्या सुमारास विल्यम फ्रे या अमेरिकन संशोधकाने लोकांना दुःखी चित्रपट दाखवून आणि कांद्याची वाफ देऊन, दोन्ही प्रकारचे अश्रू टेस्ट ट्यूबमध्ये गोळा केले. भावनेच्या अश्रूंत प्रथिनं जास्त सापडली. त्यावरून त्याने असा तर्क केला की, रडण्याने ताणाची रसायनं बाहेर पडत असावीत. तर्क लोकांना खूप आवडला, पण सिद्ध काही झाला नाही.

२०१५ सालचा एक प्रयोग जास्त उपयोगी आहे. त्यात ६० जणांना 'लाइफ इज ब्युटिफुल' किंवा कुत्र्याच्या निष्ठेवरचा 'हाची' हा चित्रपट दाखवला. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. चित्रपट संपल्याबरोबर मूड मोजला, तर रडणाऱ्यांचा उतरलेला होता आणि न रडणाऱ्यांचा जसाच्या तसा. वीस मिनिटांनी रडणारे मूळ जागी आले. दीड तासाने मात्र त्यांचा मूड चित्रपटाच्या आधीपेक्षाही चांगला होता. म्हणजे रडण्याचा फायदा होऊ शकतो, पण तो इन्स्टंट नाही.

आणि खऱ्या आयुष्यातल्या रडण्याचा फायदा बऱ्याच अंशी शेजारी कोण आहे यावर अवलंबून असतो, असंही संशोधन सांगतं. कोणी जवळ घेतलं, ऐकून घेतलं तर बरं वाटतं. कोणी हसलं किंवा लाजवलं तर आणखी वाईट वाटतं. म्हणजे मित्राच्या रडण्याचा उपयोग होणार की नाही, हे काही प्रमाणात आपल्या हातात आहे.

मग आपण काय करायचं?

एक म्हणजे, रडणाऱ्याला कच्चा समजायचं नाही. साने गुरुजींना रडके म्हणून नावं ठेवणारे त्यांच्या काळातही होते, आजही आहेत. पण मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले ते हेच गुरुजी, आणि ते मंदिर त्यानंतर खुलं झालं. डोळ्यांतलं पाणी आणि पाठीचा कणा एकाच माणसात असू शकतात.

दुसरं, न रडणाऱ्याला दगड म्हणायचं नाही. तो पाचांपैकी कुठल्या प्रकारात आहे हे आपल्याला माहीत नसतं.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. 'तो रडत नाही, म्हणजे तो ठीक आहे' हा निष्कर्ष काढायचा नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांना दुःखी चित्रपट दाखवले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त रडले नाहीत. आपली कल्पना अशी की, खचलेला माणूस सारखा रडत असणार. प्रत्यक्षात तो अगदी कोरडा, शांत, 'नॉर्मल' दिसू शकतो. चार विषयांत केटी लागलेला, घरी अजून न सांगितलेला, मेसमध्ये गप्प जेवून रूमवर जाणारा मित्र जर म्हणत असेल की आता काही वाटतच नाही, तर ते 'स्ट्राँग' असण्याचं लक्षण समजू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. सल्ला देऊ नका, नुसतं विचारा आणि ऐका. गरज वाटली तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे त्याच्याबरोबर जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. नंबर मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.

आणि घरातल्या त्या 'दगडा'चं काय? एखाद्या रविवारी टीव्हीवर 'श्वास' लागला तर वडिलांच्या शेजारी बसून बघा. ते रडतात का हे बघायला नको. ते मध्येच पाणी प्यायला उठतात का, खाकरतात का, 'जरा आवाज कमी कर' म्हणतात का, तेवढंच लक्षात ठेवा. आणि चित्रपट संपल्यावर त्यांना विचारा, "बाबा, तुम्हाला तुमच्या आजोबांची काय आठवण आहे?" बहुतेक वेळा तिथूनच बोलणं सुरू होतं.